चार्ज दिला, चार्ज घेतला

२०२० सालची दिवाळी १४ नोव्हेंबरला आली होती. करोनाच्या सावटामुळे येणेजाणे बेताचेच होते, तरी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मलकापुरातील एक वृद्ध स्नेही, ज्यांचा मुलगा कित्येक वर्षांपासून अमेरिकेत नोकरीला आहे, आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि फराळाच्या ताटलीला हात न लावता त्यांनी मला विचारले, "तो माणूस खुर्ची सोडील का हो?" अमेरिकेतले मतदान होऊन अकरा दिवस झाले होते, निकाल काय तो जगाला कळला होता, पण मावळते अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प तो मान्य करीत नव्हते. मी सवयीने उत्तर दिले, की सोडावीच लागेल, कायदा आहे. त्यावर ते म्हणाले, "कायदा उठवतो, की माणूस आपल्या पायांनी उठतो, हे मला नीट सांगा. माझी नातवंडं तिथं आहेत."

त्यांचे समाधान होईल असे उत्तर मला त्या संध्याकाळी देता आले नाही. पुढे २०२१च्या ६ जानेवारीला, निकालावर शेवटचे शिक्कामोर्तब होत असताना, जमाव वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये शिरला. २० जानेवारीला नव्या अध्यक्षांच्या शपथविधीला हजर न राहताच ट्रम्प राजधानी सोडून गेले. आणि चार वर्षांनी तेच पुन्हा निवडून आले तेव्हा ज्यांना त्यांनी आपली खुर्ची दिली नव्हती ते जो बायडन मात्र त्यांच्या शपथविधीला येऊन शांतपणे बसले. मावळता सत्ताधीश सत्ता कशामुळे सोडतो आणि कशामुळे सोडीत नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. त्याचा माग काढीत मी पुस्तके चाळली, काही गावांना गेलो, काही निवृत्त माणसांना भेटलो. आणि मलकापुराहून सकाळी निघून रात्री मुक्कामाला परत येता येईल एवढ्या टापूतच त्याचे बहुतेक उत्तर मला मिळाले.

मलकापूर हे मुळात सीमेवरचे गाव. नळगंगेच्या काठी, वऱ्हाड आणि खानदेश यांच्या सांध्यावर वसलेले हे ठाणे अकबराच्या दफ्तरात नरनाळा सरकारातील एक परगणा म्हणून नोंदलेले आहे, आणि फारुकी, मोगल, निजाम, मराठे, इंग्रज अशी किती निशाणे या वाटेने आली व गेली याचा हिशेब ठेवणे कठीण आहे. १७६१ साली राघोबादादांच्या फौजेने गाव लुटू नये म्हणून मलकापूरकरांनी ६०,००० रुपये मोजल्याची नोंद जुन्या ग्याझेटिअरात आढळते. वरच्या सत्तेचा हात बदलला की त्याची किंमत खाली पेठेतल्या वाण्याने, कोष्ट्याने आणि कुणब्याने द्यावयाची, हाच शतकानुशतके इथला रिवाज होता; म्हणून सत्ता सुखाने हस्तांतरित होते की नाही, हा प्रश्न दिल्ली-वॉशिंग्टनच्या पंडितांचा आहे असे निदान आमच्या गावाने तरी समजू नये.

राजूरचा घाट चढून बुलढाणा आणि चिखली मागे टाकली, की पुढे साखरखेर्डा लागते. आज या गावी येणारा यात्रेकरू प्रल्हादमहाराज रामदासींच्या संस्थानाला येतो आणि माथा टेकवून परत जातो. शिवाराकडे कोणी पाहत नाही. पण या परिसरात १७२४च्या ऑक्टोबरात जी लढाई झाली, ती माझ्या प्रश्नाचे सर्वांत उघडेवाघडे उदाहरण आहे. निजामुल्मुल्क हा दख्खनचा सुभेदार. बादशहा महंमदशहाने त्याला दिल्लीला वजीर केले होते. पण दरबाराशी न पटल्याने तो दक्षिणेकडे परतला, आणि त्याच्या पाठीमागे दरबाराने दख्खनच्या सुभ्यांची सनद हैदराबादच्या मुबारिजखानाच्या नावे करून टाकली. कागदावर निजाम बरतर्फ झाला होता आणि मुबारिजखान रुजू झाला होता. जुन्याने चार्ज द्यावा आणि नव्याने घ्यावा, एवढेच काय ते उरले होते. त्याऐवजी दोन फौजा साखरखेर्ड्याजवळ भिडल्या, मुबारिजखान मारला गेला, त्याचे मस्तक दिल्लीला रवाना झाले, आणि विजयाची खूण म्हणून गावाला फतेहखेर्डा हे नाव पडले. पुढल्याच वर्षी त्याच बादशहाने त्याच निजामाला आसफजाह हा किताब बहाल केला. आधी तलवार चालली आणि सनद मागाहून तिच्या पाठोपाठ आली.

त्या शिवारात उभा असताना मला निजामाच्या महत्त्वाकांक्षेपेक्षा त्याच्या भयाचा विचार अधिक आला. त्या काळी पदावरून उतरलेल्या सुभेदाराला परतीची वाट नव्हती. जागीर जप्त होणे, कबिला कैदेत पडणे, दरबारात कोणा शत्रूच्या मेहेरबानीवर जगणे किंवा एखाद्या रात्री प्राणाला मुकणे, याखेरीज त्याच्यापुढे दुसरे भवितव्य क्वचितच असे. ज्याला उतरणे म्हणजे मरणे असते, तो उतरत नाही. यात मला नवल वाटत नाही, आणि त्याला केवळ दुष्ट म्हणून मोकळे होणे हा आळशीपणा आहे असे मी मानतो. अगदी अलीकडे, २०१६च्या डिसेंबरात, पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या चिमुकल्या देशाचे अध्यक्ष याह्या जामेह निवडणूक हरले, प्रथम त्यांनी पराभव मान्य केला आणि आठवडाभरात शब्द फिरवला. नवे अध्यक्ष अदामा बॅरो यांना शेजारच्या सेनेगलमध्ये, आपल्याच देशाच्या वकिलातीत, शपथ घ्यावी लागली. आणि शेजारी राष्ट्रांच्या फौजा सीमेत शिरल्यानंतरच जामेह देश सोडून गेले. बावीस वर्षे अमर्याद सत्ता भोगलेल्या त्या माणसालाही सर्वांत मोठी धास्ती होती ती उतरल्यानंतर आपले काय होईल याची.

आता याच्या शेजारी आमच्या मलकापूरचेच एक साधे उदाहरण ठेवतो. ते मी कोणत्याही पक्षाच्या बाजूने देत नाही. चैनसुख संचेती हे १९९५ पासून सलग पाच वेळा मलकापूर मतदारसंघाचे आमदार होते. प्रथम अपक्ष म्हणून आणि नंतर भारतीय जनता पक्षातर्फे. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी काँग्रेसचे राजेश एकडे यांनी त्यांचा पराभव केला. चोवीस वर्षे म्हणजे एक पिढी; त्या वर्षी प्रथम मतदान करणाऱ्या मुलामुलींना दुसरा आमदार ठाऊकच नव्हता. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी होती, आणि दुकाने नेहमीच्या वेळेला उघडून माणसे पणत्या, बत्तासे आणि भांडी घेत होती. पाच वर्षांनी, २३ नोव्हेंबर २०२४ रोजी, संचेती पुन्हा निवडून आले आणि एकडे पायउतार झाले. तेव्हाही गावात कोणाच्या दाराला बाहेरून कडी लागली नाही. साखरखेर्ड्याच्या रणापासून हे अंतर काही मैलांचे आहे, परंतु मधली वाटचाल तीनशे वर्षांची आहे. हरलेला माणूस उद्या पुन्हा मत मागायला येऊ शकतो, त्याचे घर, त्याचा धंदा, त्याचे नाव शाबूत राहते, एवढ्या एका खात्रीने खुर्चीवरून उठणे सोपे होते. मावळत्या सत्ताधीशाला तुरुंग दाखविण्याची भाषा आजकाल सर्वच बाजूंनी सर्रास वापरली जाते. गुन्हा असेल तर न्यायालयाने जरूर शिक्षा द्यावी. पण पराभव हाच गुन्हा, अशा थाटात जे बोलतात, ते पुढच्या माणसाच्या हाती खुर्ची घट्ट धरून ठेवण्याचे कारण देत आहेत, हे त्यांना कळत नाही असे मला वाटत नाही. कळूनही ते बोलतात, म्हणून अधिक वाईट वाटते.

दुसरे गाव मलकापुराच्या पश्चिमेला आहे. भुसावळकडे जाणारी गाडी धरली की थोड्याच वेळात बोदवड येते, आणि बोदवडलगतच नाडगाव. प्रतिभाताई पाटील यांचा जन्म येथे १९ डिसेंबर १९३४ रोजी झाला. मलकापूरकरांना त्या परक्या कधीच वाटल्या नाहीत, कारण १९६२ साली जळगावातून विधानसभेवर गेल्यानंतर १९६७ ते १९८५ पर्यंत त्यांनी ज्या एदलाबाद मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले, तो आमच्या तालुक्याला खेटून आहे. आज त्या गावाला मुक्ताईनगर म्हणतात. २००७ साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांनी भैरोसिंह शेखावत यांचा ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ अशा मतमूल्याने पराभव केला, आणि शेखावतांनी निकालाच्याच दिवशी, २१ जुलैला, उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला. ज्या राज्यसभेचे ते सभापती होते तेथे आणखी काही दिवस बसण्यास त्यांना कोणी मज्जाव केला नसता. हरलेल्या माणसाचे हे वागणे त्या वेळी विजयाच्या गुलालात झाकले गेले. म्हणून ते येथे मुद्दाम नमूद करतो.

पाच वर्षांनी, २५ जुलै २०१२ रोजी, दिल्लीत जे घडले ते मी दूरदर्शनवर पाहिले, आणि अलीकडे त्याचे चित्रण मिळवून पुन्हा दोनदा पाहिले. मावळत्या राष्ट्रपती आणि नियोजित राष्ट्रपती राष्ट्रपती भवनातून एकत्र संसदेत येतात. मध्यवर्ती सभागृहात मंचावर खुर्च्या मांडलेल्या असतात. सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया प्रणव मुखर्जींना शपथ देतात, सही होते, आणि त्यानंतर प्रतिभाताई आपल्या खुर्चीवरून उठून शेजारच्या खुर्चीवर बसतात व मुखर्जी त्यांच्या खुर्चीवर. बाहेर एकवीस तोफांची सलामी सुरू होते. तीनही सेनादलांचे सरसेनापतिपद एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर गेले, आणि ज्या बाई क्षणापूर्वी भारताच्या राष्ट्रपती होत्या त्या पदर सावरून शेजारी बसल्या. नाडगावच्या पारावर एका वयस्क शेतकऱ्याला मी हे वर्णन सांगितले तेव्हा तो म्हणाला, "बाईनं पाटलीन असल्यासारखा कारभार सोडला," आणि त्याला काय म्हणायचे आहे ते मला तत्काळ समजले. वडीलधारी बाई घरातल्या किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या कमरेला लावते, तेव्हा ती घर सोडून जात नाही, शेजारच्या पाटावर बसते.

या देखाव्यामागे जी घटनात्मक योजना आहे, तिचे सौंदर्य फारसे कोणी सांगत नाही. घटनेच्या ५६व्या अनुच्छेदाने राष्ट्रपतींना पाच वर्षांची मुदत दिली, आणि मुदत संपल्यावरही उत्तराधिकारी पदग्रहण करीपर्यंत त्यांनी पदावर राहावे असे लिहून गादी क्षणभरही रिकामी राहणार नाही अशी तजवीज केली. पण ही सवलत लबाडीला वाव देणारी होऊ शकते. उत्तराधिकारीच निवडला नाही तर मावळता माणूस आजन्म मावळत राहील. म्हणून ६२व्या अनुच्छेदात लगोलग बजावले, की नव्या राष्ट्रपतींची निवडणूक जुन्यांची मुदत संपण्यापूर्वीच पूर्ण झाली पाहिजे. एका हाताने दिलेली सवलत दुसऱ्या हाताने बांधून टाकली. १९७७ पासून २५ जुलै ही तारीख चुकलेली नाही, याचे श्रेय मी व्यक्तींच्या सौजन्याइतकेच या दोन कलमांच्या गाठीला देतो.

सौजन्यावरही डोळे मिटून विसंबू नये, याची एक आठवण प्रतिभाताईंच्याच निवृत्तीतून सांगता येते, आणि त्यांच्याविषयी आदर बाळगूनच सांगतो. पुण्यात खडकीला लष्कराच्या जागेवर त्यांच्यासाठी निवासस्थान व्हावयाचे होते. माजी सैनिकांनी आक्षेप घेतल्यावर, पद सोडण्यापूर्वीच, त्यांनी ते घेणार नाही असे जाहीर केले. कारकिर्दीत मिळालेल्या काही भेटवस्तू अमरावतीच्या एका संग्रहालयासाठी नेण्यात आल्या होत्या. पुढे त्या राष्ट्रपती भवनात परत आल्या. दोन्ही बाबतींत शेवट योग्य झाला. परंतु पदाचे काय आणि आपले काय, ही रेघ कोणीतरी नोंदवही उघडून दाखवावी लागते, हे त्यातून दिसून आले.

ही नोंदवही म्हणजे काय, ते मला एका कारकुनाने शिकविले. वऱ्हाडातील एका नगरपालिकेत छत्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी किती नगराध्यक्ष येताजाताना पाहिले ते बोटांवर मोजून दाखविले. चार्ज देण्याघेण्याचे काम नेहमी त्यांच्याकडे असे. आदल्या दिवशी जडवस्तू नोंदवही काखोटीला मारून ते अध्यक्षांच्या कक्षात जात आणि एकेक नग टिपत जात: फिरती खुर्ची एक, साध्या खुर्च्या आठ, काच लावलेले मेज एक, लोखंडी कपाट आणि त्याच्या किल्ल्या दोन, गोल शिक्का, नावाचा रबरी शिक्का, भिंतीवरचे घड्याळ, काचेचे पेपरवेट तीन. मग दोन प्रती टंकून त्याखाली तारीख आणि "मध्यान्हपूर्व" किंवा "मध्यान्हानंतर" असे शब्द, कारण दुपारच्या बाराच्या अलीकडे पगार-भत्ता आणि जबाबदारी एकाची, पलीकडे दुसऱ्याची. डावीकडे "कार्यभार दिला", उजवीकडे "कार्यभार घेतला". दोन सह्या.

एका वर्षी निवडणूक फार चुरशीची झाली, हाणामारीपर्यंत मजल गेली, आणि पराभूत झालेले अध्यक्ष दोन दिवस कचेरीकडे फिरकलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी हे गृहस्थ यादी घेऊन त्यांच्या घरी गेले. "बसा म्हनले नाही, पानी बी विचारलं नाही," ते सांगत होते. अध्यक्षांनी यादी अथपासून इतिपर्यंत वाचली, सही केली, आत गेले, आणि शिक्का व किल्ल्या आणून टेबलावर ठेवल्या. मग पुन्हा आत जाऊन काचेचा एक पेपरवेट आणला. तो नातवाच्या खेळण्यात गेला होता. "तीन लिहिले आहेत ना तुम्ही? मोजून घ्या," एवढेच बोलले. हे सांगताना त्या वृद्ध कारकुनाचा कंठ दाटून आला. मी विचारले, सही केलीच नसती तर? ते म्हणाले, "तरी काय झालं असतं, भाऊ? खुर्ची कोनाच्या बापाची नसते, रजिष्टराची असते. मी दोन पंच बोलावले असते अन् मोजून घेतली असती."

माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मला येथे सापडले. कायदा उठवतो की माणूस आपल्या पायांनी उठतो, या दोहोंच्या मध्ये एक तिसरा माणूस असतो, आणि तो यादी घेऊन उभा असतो. अमेरिकेत २०२० साली तो हलला होता. तेथील तेव्हाचा नियम असा होता, की सरकारी मालमत्ता सांभाळणाऱ्या एका खात्याच्या प्रमुखांनी निकाल दिसताच नियोजित अध्यक्षांना जागा, पैसा आणि कागदपत्रे खुली करणारे पत्र द्यावयाचे. एरवी कोणाच्या लक्षातही न येणारे हे पत्र त्या वर्षी एमिली मर्फी यांच्या मेजावर अडून राहिले आणि मतदानानंतर वीस दिवसांनी, २३ नोव्हेंबरला, सुटले. पुढे मतमोजणीत पाणी मिसळण्यास नकार देणारे ठिकठिकाणचे निवडणूक अधिकारी, ज्यांतले कित्येक स्वतः ट्रम्प यांच्याच पक्षाचे होते, आणि ६ जानेवारीला जमाव हटल्यावर रात्री पुन्हा सभागृहात येऊन मोजणी पुरी करणारे उपाध्यक्ष माइक पेन्स, यांनी ती यादी सांभाळली. एवढ्या बलाढ्य राष्ट्राची गादी अखेरीस आपल्या कारकुनासारख्या माणसांच्या मनगटावर तोलली गेली.

पण जडवस्तू नोंदवही आणि परतीची वाट एवढ्याने भागत नाही. मुदत लिहिलेली नसेल तर दोन्ही व्यर्थ आहेत, आणि हे वऱ्हाडाइतके कोणाच्या अनुभवाचे नसेल. १८५३ साली निजामाने इंग्रजांशी तहनामा करून वऱ्हाडचा मुलूख, निजामासाठी इंग्रजांनी ठेवलेल्या कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठी, त्यांच्या हवाली केला. ही अमानत होती. मालकी निजामाची, कारभार कंपनी सरकारचा. परत कधी द्यावयाचा ते मात्र लिहिलेले नव्हते. सर सालारजंगांनी निजामाचे दिवाण असताना तो मुलूख सोडविण्यासाठी अर्जविनंत्या केल्या, फौजेच्या खर्चाची हमी म्हणून रक्कम अनामत ठेवण्याची तयारी दाखविली. सारे फुकट गेले. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने घेऊन टाकला. विश्वासाने दिलेली पण तारीख न घातलेली सत्ता परत येत नाही, हे आमच्या जिल्ह्याच्या सात-बाऱ्यावर कोरलेले आहे. उलट १ नोव्हेंबर १९५६ची गोष्ट पाहा. त्या दिवसापर्यंत नागपूर हे मध्य प्रदेश राज्याची राजधानी होते आणि बुलढाण्याचा सारा कागद तिकडे जात असे; त्या दिवसापासून तो मुंबईला जाऊ लागला. एका राजधानीने राजधानीपण सोडले, गाड्यांतून दफ्तरे हलली, आणि रक्ताचा थेंब सांडला नाही, कारण तारीख कायद्यात लिहिलेली होती.

तारीख लिहिलेली असूनही ती पुढे ढकलता येते, हा यातला सर्वांत सभ्य दिसणारा आणि म्हणूनच मला सर्वांत धोक्याचा वाटणारा मार्ग आहे. आणीबाणीत लोकसभेची मुदत १९७६च्या मार्चमध्ये संपत होती. संसदेनेच कायदा करून ती वर्षभर वाढविली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा वर्षभर. १९७७च्या मार्चमध्ये इंदिरा गांधी हरल्या आणि २२ मार्चला त्यांनी राजीनामा दिला, हे त्यांच्या चरित्रातले मानाचे पान आहे, यात मला शंका नाही. तथापि ते पान उलटण्यापूर्वीचे वर्ष आपण विसरू नये. त्या वर्षात कोणीही खुर्ची बळकावली नाही, कोणी सैन्य रस्त्यावर आणले नाही. फक्त उत्तराधिकारी निवडण्याचा दिवस दूर सारला गेला.

मी हे सारे जुने का उगाळतो आहे, ते आता सांगतो. नगरपालिकांविषयी घटनेच्या २४३-यू या अनुच्छेदात जवळजवळ तेच बजावले आहे जे राष्ट्रपतींविषयी ६२व्यात आहे: पहिल्या सभेच्या तारखेपासून पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि पुढची निवडणूक मुदत संपण्यापूर्वी पूर्ण. महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपालिकांसाठी २०१६च्या अखेरीस मतदान झाले होते. त्यांची मुदत २०२१-२२च्या सुमारास संपली. नगराध्यक्षांनी विनातक्रार चार्ज दिला. पण घेतला कोणी? प्रशासकाने. उजवीकडच्या रकान्यात लोकांनी निवडलेल्या माणसाची सही व्हावयास २०२५ संपत आले. ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी आयोग, प्रत्येक संस्थेपुरती आकडेवारी आणि एकूण पन्नास टक्क्यांची मर्यादा अशा तीन कसोट्या घालून दिल्या. मग बांठिया आयोग, प्रभागरचनेचे बदल, नव्या याचिका, तारखा. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरकण्याचा आदेश दिला, ती मुदतही ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवावी लागली, आणि अखेर २ डिसेंबर २०२५ रोजी बहुतेक ठिकाणी मतदान होऊन २१ डिसेंबरला मोजणी झाली.

मागासवर्गीयांचा हक्क न्याय्य आहे आणि तो सोडून निवडणुका घ्याव्यात असे मी कधीही म्हणणार नाही. ज्यांनी आकडेवारी वेळेत गोळा करावयाची होती त्यांनी ती केली नाही, आणि सरकार बदलले तरी ती दिरंगाई बदलली नाही, हा माझा आरोप आहे. प्रशासक म्हणून बसलेले अधिकारी बहुतांशी प्रामाणिक होते. परंतु नळाला चार-चार दिवस पाणी नाही म्हणून ज्याच्या दारात जाऊन बसावे असा आपल्या आळीतला नगरसेवक नव्हता. सहा जानेवारीसारखे काही आपल्याकडे घडले नाही. काचा फुटल्या नाहीत, म्हणूनच कोणाला वाईट वाटले नाही. जवळजवळ चार वर्षे वऱ्हाडातल्या कित्येक गावांत सत्ता शांतपणे सोडली गेली आणि शांतपणेच लोकांच्या हातात आली नाही, ही माझ्या मते अमेरिकेतल्या त्या एका दिवसाहून कमी गंभीर गोष्ट नव्हे.

माझ्या वृद्ध स्नेह्यांना मी हे सर्व अलीकडेच सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे खुर्चीवर बसलेल्याकडे बघू नये, दारात कोण उभा आहे ते बघावं?" मी होय म्हणालो.

विद्यमान राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी शपथ घेतली; त्यांची मुदत २४ जुलै २०२७ रोजी संपते, आणि तोवर नवे राष्ट्रपती निवडले गेलेले असतील याची मला खात्री आहे. आपल्या गावाची तशी खात्री मला देता येत नाही. म्हणून वाचकांना विनंती अशी, की आपल्या नगरपालिकेत जाऊन २०२५च्या निवडणुकीनंतरच्या पहिल्या सभेची तारीख विचारावी, तीत पाच वर्षे मिळवावीत, आणि येणारी तारीख घरातल्या दिनदर्शिकेच्या पाठीवर लिहून ठेवावी. त्या तारखेच्या सहा महिने आधी मतदारयादी, प्रभागरचना आणि आरक्षणाची सोडत ही कामे झालेली नसतील, तर राज्य निवडणूक आयोगाकडे पहिला लेखी अर्ज आपल्या गावाचा गेला पाहिजे.